माज उतरवणारे सहा हत्ती

आफ्रिकेतल्या जनावरांचा विषय निघाला की गाडी हमखास एकाच स्टेशनवर येऊन थांबते. सिंह आणि गेंडा समोरासमोर आले तर जिंकणार कोण? आणि हत्ती विरुद्ध गेंडा? मग कोणीतरी टीव्हीवर पाहिलेला एखादा प्रसंग सांगतो, दुसरा वजनाचे आकडे फेकतो आणि तासभर मस्त जातो.

प्रश्न पोरकट असला तरी तो आजचा नाही, चांगला दोन हजार वर्षं जुना आहे. आणि त्याचं एक उत्तर 1990 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात मिळालं. ते इतकं विचित्र होतं की शेवटी मूळ प्रश्नच बदलावा लागला. आजचा लेख त्या उत्तराबद्दल. जरा मोठा झालाय, त्यामुळे चहा घेऊनच बसा.

जुनी खुन्नस

प्लिनी नावाचा एक रोमन लेखक होता. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला त्यात तो गेला. त्याच्या निसर्गविषयक प्रचंड ग्रंथात त्याने बिनधास्त लिहून ठेवलंय की गेंडा हा हत्तीचा जन्मजात वैरी आहे. लढाईआधी तो दगडावर शिंग घासून धार लावतो आणि हत्तीच्या पोटावर नेम धरतो, कारण तिथली कातडी मऊ असते. झालं! पुढची चौदा-पंधराशे वर्षं युरोपातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी हे ब्रह्मवाक्य मानलं. तपासणार कोण? युरोपात तेव्हा गेंडाच नव्हता.

तपासायची संधी आली 1515 मध्ये, आणि गंमत म्हणजे ती आपल्या गोव्यातून गेली. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला होता. अल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजात घालून थेट राजा मॅन्युएलकडे रवाना केला. जानेवारीत निघालेला गेंडा 20 मे रोजी लिस्बनला पोचला. राजाकडे हत्ती होतेच. मग काय, प्लिनी खरा की खोटा हे बघायला 3 जूनला दरबारी मंडळींसमोर गेंडा आणि एक तरुण हत्ती समोरासमोर उभे करण्यात आले. गेंडा शांतपणे पुढे सरकला, हत्ती घाबरला आणि पळून गेला. निकाल जाहीर: प्लिनी बरोबर!

हाच तो गेंडा, ज्याचं चित्र जर्मन चित्रकार ड्यूररने काढलं. न बघता, वर्णन आणि एका रेखाटनावरून. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखे दिसतात. ते चित्र युरोपात पुढे कित्येक पिढ्या खरं मानलं गेलं. बिचारा गेंडा मात्र पुढच्याच वर्षी पोपला नजराणा म्हणून जाताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला.

आता बघा, एक आशियाई गेंडा, एक घाबरलेला कोवळा हत्ती, भोवती आरडाओरडा करणारी माणसं. सँपल साइज एक. एवढ्यावर 'जन्मजात वैर' सिद्ध झालं. आपण हसतो खरे, पण सफारीचे व्हिडिओ बघून आपण जे निष्कर्ष काढतो ते यापेक्षा फार वेगळे नसतात.

जंगलातला हिशोब

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधक वर्षानुवर्षं जंगलात मुक्काम ठोकून बसायला लागले, तेव्हा चित्र बदललं. पहिला धक्का तरसांनी दिला. सिंह शिकार करतो आणि तरस उष्टं खातो, हे तर आपण शाळेपासून ऐकत आलो. हान्स क्रूक नावाच्या संशोधकाने टांझानियातल्या गोरोंगोरो विवरात रात्र रात्र जागून तरसांचा पाठलाग केला. 1972 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि लोकांना कळलं की तिथले तरस आपलं बरंचसं अन्न स्वतः शिकार करून मिळवतात, आणि त्यांनी मारलेली जनावरं बऱ्याचदा सिंह येऊन बळकावतात. पहाटे पर्यटकांना दिसायचं ते असं: सिंह खातायत, भोवती तरस ताटकळतायत. त्यावरून रात्रीची गोष्ट लोक उलटी लावत होते. लॉगमधली फक्त शेवटची ओळ वाचली की असं होतं.

सिंह आणि हत्तीचंही तसंच. बोट्स्वानामधल्या सावुती भागात डेरेक आणि बेव्हर्ली जुबेर या दांपत्याने 1993 ते 1996 या चार वर्षांत सिंहांनी हत्ती मारल्याच्या 74 घटना नोंदल्या. चौऱ्याहत्तर! पण तपशील बघितला की 'जंगलचा राजा' वगैरे हवा निघून जाते. शिकारी रात्रीच्या. बळी पडलेले बहुतेक हत्ती साधारण चार ते पंधरा वर्षांचे, म्हणजे आईच्या पायाशी घुटमळायचं वय उलटलेले, पण अंगाने अजून पुरते न भरलेले. सिंहांचा कळप मोठा, अंधार, कोरडा उन्हाळा आणि पाण्यावर गर्दी करणारे दमलेले हत्ती. एवढं सगळं जुळलं की सिंह हत्तीवर हात टाकतात. सहा टनी पूर्ण वाढलेल्या नराला त्यांनी दुरूनच नमस्कार केलेला बरा.

गेंड्याच्या बाबतीतही हाच हिशोब. पांढऱ्या गेंड्याचा मोठा नर दोन टनांच्या वर जातो. सिंह असतो दोनशे किलोच्या आसपास. धडधाकट मोठ्या गेंड्याला माणूस सोडला तर जवळजवळ शत्रूच नाही. धोका असतो तो पिल्लांना. त्यातही एक मजेशीर फरक आहे. धोका जाणवला की पांढऱ्या गेंड्याचं पिल्लू आईच्या पुढे पळतं, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी आईशी सामना करावा लागतो. काळ्या गेंड्याचं पिल्लू आईच्या मागे पळतं. काळे गेंडे राहतात दाट झुडपात, तिथे आईने पुढे घुसून वाट काढायची, असा त्यामागचा तर्क सांगतात. पण त्यामुळे मागचं पिल्लू उघडं पडू शकतं. नामिबियातल्या एटोशा राष्ट्रीय उद्यानात सिंहांनी काळे गेंडे मारल्याच्या घटना 1999 मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आल्या. त्या छापाव्याशा वाटल्या यातच त्या किती क्वचित घडतात ते आलं.

थोडक्यात काय, तर जंगलात कोणी कोणाशी बेल्ट जिंकायला लढत नाही. सिंहाला एक जखम परवडत नाही, कारण लंगडणारा सिंह उपाशी मरतो. गेंडा आणि हत्ती पाण्यावर भेटले तर बहुतेक वेळा गेंडा थोडं फुरफुरतो, कान हलवतो आणि बाजूला होतो. पोटापुरतं वैर, तेही नफातोटा बघून. प्लिनीचं जन्मजात वैर कुठे सापडत नव्हतं.

आणि मग पिलानेसबर्ग घडलं.

रिकाम्या डोंगरात भरलेलं जंगल

पिलानेसबर्ग हे जोहान्सबर्गच्या वायव्येला दोन-अडीच तासांवरचं ठिकाण. एका अतिप्राचीन ज्वालामुखीचे गोल गोल डोंगर आणि शेजारी सन सिटी हे कॅसिनोचं गाव. वर्णद्वेषी राजवटीने कृष्णवर्णीयांसाठी जी 'स्वतंत्र' बांतुस्ताने काढली होती, त्यातल्या बोफुथात्स्वानामध्ये हा भाग यायचा. इथे शेती आणि गुरं होती. 1979 मध्ये ती हटवून साडेपाचशे चौरस किलोमीटरभोवती कुंपण घालण्यात आलं आणि बाहेरून हजारो प्राणी आणून सोडण्यात आले. त्या मोहिमेला नावही 'ऑपरेशन जेनेसिस' असं दिलं. जेनेसिस म्हणजे बायबलमधली सृष्टीची उत्पत्ती. माणसाचा आत्मविश्वास बघा :-)

आणलेल्या प्राण्यांत पांढरे गेंडे होते. त्यांचीही एक कहाणी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडचे पांढरे गेंडे जवळपास संपलेच होते. उम्फोलोझी नदीच्या परिसरात मोजके उरले होते. त्यांना जपून, वाढवून, 1960 च्या दशकात इयान प्लेयर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बेशुद्ध करण्याचं तंत्र बसवलं आणि गेंडे ट्रकमध्ये घालून ठिकठिकाणी पोचवले. म्हणजे पिलानेसबर्गमधला एकेक गेंडा हा अक्षरशः कोणीतरी हाताने वाचवलेल्या खानदानातला होता.

आणि हत्ती आणले होते क्रुगर राष्ट्रीय उद्यानातून. ही गोष्ट जरा जड आहे.

क्रुगरमध्ये 1967 पासून दरवर्षी हत्तींची सरकारी कत्तल चालायची. कारण वाईट नव्हतं. कुंपणातलं जंगल, वाढणारे हत्ती, मोडणारी झाडं. साधारण एका चौरस मैलाला एक हत्ती, म्हणजे सातेक हजार हत्ती एवढीच या जंगलाची कुवत, असं तेव्हाच्या तज्ज्ञांचं गणित होतं. वरचे मारायचे. 1994 पर्यंत सुमारे साडेचौदा हजार हत्ती असे मारले गेले. पद्धत अशी की हेलिकॉप्टरमधून एक अख्खं कुटुंब हाकत आणायचं आणि सगळंच्या सगळं संपवायचं. मागे कोणी शिल्लक राहू नये, म्हणजे कोणी दुःखही करणार नाही, असा विचार त्यात होता.

पण काही पिल्लं ठेवायचे. नव्या अभयारण्यांना हत्ती हवे होते, आणि मोठा हत्ती उचलून नेण्याइतके ट्रक, क्रेन, औषधांचं तंत्र तेव्हा हाताशी नव्हतं. लहान पिल्लू मात्र क्रेटमध्ये बसायचं. मग ज्या पिल्लांनी आपली आई, मावश्या, आजी डोळ्यांदेखत पडताना पाहिली, तीच पिल्लं ट्रकमध्ये चढवून पिलानेसबर्गसारख्या ठिकाणी पाठवली गेली. खायला होतं, पाणी होतं, कुंपण होतं, शिकारी नव्हते. कागदावर सगळं उत्तम. या अनाथांना वाढवायला जी आजी, मावशी आणि मोठे बाप्ये लागतात ते सोडून सगळं.

दहा-बारा वर्षं काहीच झालं नाही. हा भाग आमच्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल. बग आज टाकला म्हणून आज फुटत नाही.

मेलेले गेंडे, शाबूत शिंगं

1992 पासून पिलानेसबर्गमध्ये पांढरे गेंडे मेलेले सापडायला लागले. गेंडा मेला की पहिला संशय चोरट्या शिकाऱ्यांवर. पण इथे शिंगं जागच्या जागी. बाजारात सोन्याच्या तोडीचा भाव असलेली शिंगं सोडून जाणारा चोर कोणी पाहिलाय? अंगावर गोळीची जखम नव्हती. पाठीवर, खांद्यावर, मानेवर खोल भोकं होती. सुळ्यांची.

हळूहळू प्रत्यक्ष पाहिलेले प्रसंगही जमा झाले. तरुण नर हत्ती गेंड्यांच्या मागे लागत होते, त्यांना खाली पाडून सुळे खुपसत होते. काही वेळा गेंड्यांवर चढण्याचा प्रयत्न करतानाही ते दिसले. पर्यटकांच्या गाड्यांवरही चाल करून येत होते. 1997 पर्यंत मेलेल्या गेंड्यांचा आकडा चाळीसच्या पुढे गेला. उम्फोलोझीच्या बाजूला, ह्लुह्लुवे-उम्फोलोझी अभयारण्यातही असेच गेंडे मरत होते, आणि तिथेही असेच अनाथ हत्ती आणलेले होते. जी जागा गेंड्यांसाठी सगळ्यात सुरक्षित मानली जायची, तिथे गेंडे मरत होते. मारणारा होता दुसरा वाचवलेला प्राणी.

प्लिनी असता तर म्हणाला असता, 'बघा, मी सांगत नव्हतो?' फक्त बाजू उलटली होती. शिंगवाल्याने हत्तीचं पोट फाडायच्या ऐवजी हत्ती गेंडे मारत होते. सोपा उपाय एकच, गुन्हेगार ओळखा आणि गोळी घाला. काही हत्तींच्या बाबतीत तसं केलंही गेलं. पण गेंडे मरतच राहिले. एक प्रोसेस किल करा, दुसरी उठते.

मस्ती म्हणजे काय

आता थोडं भाषेकडे वळू या. 'त्याला मस्ती आलीय', 'माज उतरवला पाहिजे', 'मदोन्मत्त' हे शब्द आपण रोज वापरतो, ऑफिसमधल्या एखाद्या नमुन्याबद्दल तर हमखास. हे सगळे हत्तीशीही जोडलेले. वयात आलेल्या नर हत्तीला वर्षातून काही काळ माज येतो. डोळा आणि कान यांच्या मध्ये असलेल्या ग्रंथीतून चिकट मद पाझरतो, सतत लघवी ठिबकत राहते, शरीरातलं टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी चढतं आणि साहेब कोणाला ऐकत नाहीत. आपल्याकडे माहुतांना हे हजारो वर्षं माहीत आहे. संस्कृत कवींनी तर गंडस्थळातून वाहणाऱ्या मदावर आणि त्यावर झेपावणाऱ्या भुंग्यांवर पानंच्या पानं खर्च केलीत. विज्ञानाच्या इंग्रजीनेही शब्द आपल्याकडूनच उचलला, 'मस्त', जो आपल्याकडे फारसीतून आला.

आफ्रिकन हत्तीला मात्र माज येत नाही अशी बऱ्याच शास्त्रज्ञांची समजूत होती. केनियातल्या अम्बोसेलीत जॉइस पूल आणि सिंथिया मॉस या दोघींनी हत्तींना एकेकटं ओळखून, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवून ती मोडून काढली. 1981 मध्ये त्यांचा निबंध 'नेचर' या नियतकालिकात आला. पुढे पूलच्या कामातून या लेखाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी पुढे आल्या.

एक, नर हत्तीला पहिला खरा माज साधारण पंचविशी ते तिशीच्या दरम्यान येतो, आणि तोही सुरुवातीला काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतो. वय वाढत जातं तसा तो लांबतो. चाळिशीतले नर दोन-तीन महिने माजावर राहतात आणि पिल्लांचे बाप मुख्यतः तेच होतात.

दोन, माजावर आलेला लहान नर त्याच्याहून मोठ्या माजावरच्या नरासमोर आला की त्याचा माज उतरतो. अक्षरशः. ठिबकणं थांबतं, मान खाली जाते. मारामारी करावी लागतेच असं नाही. मोठ्याचं नुसतं असणं पुरतं.

आता पिलानेसबर्गकडे परत या. तिथले नर जेमतेम अठरा वर्षांचे असताना माजावर येत होते आणि तो माज महिनोन्‌महिने उतरत नव्हता. कारण उतरवणारं कोणी नव्हतंच! त्या डोंगरात त्यांच्याहून मोठा नर हत्ती अस्तित्वात नव्हता. अठरा वर्षांची पोरं, पन्नाशीतल्या हत्तीचं हार्मोन, आणि हे सगळं कुठे वळवायचं हे शिकवायला एकही मोठा नाही. मिळाला तो गेंडा.

सहा जण

तेव्हा पिलानेसबर्गमध्ये गस व्हॅन डाइक परिसंस्थेचं काम बघत होते. रॉब स्लोटो, जॉइस पूल आणि इतर सहकाऱ्यांबरोबर जो उपाय ठरला तो ऐकायला भलताच घरगुती वाटतो: मोठी माणसं आणा.

मधल्या काळात तंत्रही पुढे गेलं होतं. 1993 मध्ये झिम्बाब्वेच्या गोनारेझूमधून हत्तींची पूर्ण कुटुंबं हलवून दक्षिण आफ्रिकेतल्या मादिक्वेत आणण्याचा प्रयोग यशस्वी झाला होता. आता पूर्ण वाढलेला नरही उचलून नेता येत होता. 1998 मध्ये क्रुगरमधून सहा मोठे नर पिलानेसबर्गला आणले. बस्स, सहा. पोरांना कोंडलं नाही, औषधं दिली नाहीत.

परिणाम नोंदला गेला तो असा: मोठे नर आल्यावर तरुण नरांच्या माजाचा काळ खाली आला, आणि गेंडे मरायचे थांबले. 2000 साली हा छोटासा निबंध 'नेचर'मध्ये आला. जेमतेम एका पानाचा. वन्यजीव व्यवस्थापनाच्या इतिहासात इतक्या कमी ओळींत इतका फरक पाडणारे निबंध थोडे असतील.

शंका काढायची तर काढता येते. एकाच अभयारण्यातला प्रयोग, तुलनेला दुसरा गट नाही, आधी काही गुन्हेगार हत्ती मारलेही गेले होते, मग श्रेय नेमकं कोणाला? रास्त प्रश्न आहे. म्हणून पुढचं काम महत्त्वाचं. बोट्स्वानाच्या माकगाडिकगाडी भागात कॉनी ॲलन आणि सहकाऱ्यांनी शेकडो नर हत्तींचं निरीक्षण केलं. 2021 मध्ये त्यांनी दाखवलं की आसपास मोठे नर कमी असले की हत्ती गाड्या, माणसं, इतर प्राणी अशा हत्ती नसलेल्या गोष्टींवर जास्त आक्रमक होतात. इथे कोणी अनाथ करून आणलेले नव्हते, कुंपणातला प्रयोग नव्हता. तरी दिशा तीच. त्याआधी 2020 मध्ये त्याच गटाने दाखवलं होतं की नरांच्या टोळ्या जंगलात फिरतात तेव्हा पुढे बहुधा सगळ्यात वयस्कर नर असतो. 'एकांडा म्हातारा टस्कर' ही आपली समजूतही अशी अर्धवटच निघाली.

जे परत जुळलं नाही

इथे लेख संपवला असता तर छान सुखान्त झाला असता. पण माद्यांचं काय झालं तेही सांगायला हवं.

2013 मध्ये ग्रेम शॅनन, कॅरेन मकॉम्ब आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. हत्ती एकमेकांना हाका मारतात. त्या हाकांवरून कोण ओळखीचं, कोण परकं, कोण वयाने मोठं हे कळपातल्या जाणत्या माद्या ओळखतात. परक्या मोठ्या मादीची हाक म्हणजे सावध होण्याची वेळ. रेकॉर्ड केलेल्या हाका लाउडस्पीकरवरून दोन ठिकाणी ऐकवल्या, अम्बोसेलीत आणि पिलानेसबर्गमध्ये. अम्बोसेलीतली कुटुंबं बरोबर ओळखत होती, धोका असेल तर एकत्र गोळा होत होती. पिलानेसबर्गच्या हत्तींना फरक करताच येत नव्हता. त्यांच्या लेखी सगळ्या हाका सारख्याच.

लक्षात घ्या, हा प्रयोग झाला तेव्हा कत्तलीला काही दशकं उलटून गेली होती. खायला-प्यायला भरपूर, पिल्लं होतायत, आकडा वाढतोय. ज्या आकड्यावर सरकार खूश असतं तो आकडा एकदम व्यवस्थित. पण कोणाची हाक ऐकून पळायचं आणि कोणाची ऐकून चरत राहायचं, हे ज्ञान जीन्समधून येत नाही. ते आजीकडून येतं. आजी क्रुगरमध्ये मारली गेली, तिच्याबरोबर ते गेलं. सहा नर ट्रकमधून आणता येतात. एखाद्या कुटुंबाची चाळीस वर्षांची आठवण कुठल्या ट्रकमध्ये घालणार?

क्रुगरमधली कत्तल 1990 च्या दशकाच्या मध्यावर थांबली. 2008 मध्ये दक्षिण आफ्रिकेने हत्तींसाठी नवे नियम केले, त्यात कत्तल हा शेवटचा उपाय ठरवला. आज क्रुगरमध्ये हत्ती वीस हजारांच्या कितीतरी पुढे आहेत आणि मोडणाऱ्या झाडांचा मूळ प्रश्न तसाच आहे. त्यामुळे तेव्हाच्या अधिकाऱ्यांना खलनायक करून मोकळं होणं सोपं असलं तरी बरोबर नाही. त्यांच्यापुढे खरा पेच होता. पिल्लं तरी वाचवू या, ही तर दयाच होती. फक्त त्यांच्या हिशोबात हत्ती म्हणजे एक नग होता. हत्ती म्हणजे नात्यांचं जाळं, हा कॉलम त्या तक्त्यात नव्हता.

तो अजूनही बऱ्याच तक्त्यांत नाही. चोरटा शिकारी आधी सगळ्यात मोठ्या सुळ्यांचा नर शोधतो. परवाना घेऊन हौशी शिकार करणाऱ्यालाही तोच हवा असतो. बोट्स्वानाने 2019 मध्ये अशा शिकारीवरची बंदी उठवली, तेव्हाही एक युक्तिवाद हमखास ऐकू यायचा: म्हातारे नर तसेही 'जादा' असतात, गेले तर काय बिघडतं? काय बिघडतं ते पिलानेसबर्गच्या गेंड्यांना विचारा.

आणि गेंड्यांपुढे आज त्याहून मोठं संकट आहे. 2014 या एका वर्षात दक्षिण आफ्रिकेत चोरट्या शिकाऱ्यांनी 1215 गेंडे मारले. सिंहांनी आणि हत्तींनी मिळून कधी इतके मारले असतील असं वाटत नाही. कोण कोणाचा वैरी याची यादी करायची तर वरचं नाव कोणाचं हे सांगायला नकोच.

असो. या गोष्टीवरून माणसांच्या समाजाबद्दल मोठमोठे सिद्धांत मांडायचा मोह होतो. घरात वडीलधारे हवेत, पूर्वी कसं छान होतं, वगैरे. त्या वाटेला मी जाणार नाही, माणूस म्हणजे हत्ती नव्हे, आणि माणसांतले काही मोठे स्वतःच कायम माजावर असतात :-) पण एवढं नक्की म्हणता येईल: एखाद्या व्यवस्थेत कोण 'बिनकामाचा' आहे हे ठरवताना तो काय करतो एवढंच बघून भागत नाही. तो आहे म्हणून काय काय घडत नाही, हेही बघावं लागतं. अडचण अशी की न घडलेल्या गोष्टींचा रिपोर्ट कोणी काढत नाही. पिलानेसबर्गमध्ये तो निघाला, कारण चाळीसच्या वर गेंडे मेले.

तर मग पुढच्या वेळी कोणी विचारलं, 'हत्ती आणि गेंडा यांच्यात कोण जिंकेल?', तर आधी एक उलटा प्रश्न टाका: हत्ती कोणाच्या हाताखाली वाढलाय?

बाकी तुम्हाला काय वाटतं ते कळवा. पुढच्या वीकेंडला भेटूच.